उघाडीपर्यंत

बागेतल्या बाकावरचा म्हातारा फोनवर बोलत होता आणि निवट्या त्याच्या पायाशी जाऊन बसला. झालं ते एवढंच. मृणालीच्या हातातला पट्टा आधी ताणला गेला, मग सैल पडला. तिने मान वर केली तेव्हा समोर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट दिसला, किंचित डावीकडे कललेली मान दिसली, आणि कानापासून बोटभर लांब धरलेला फोन. बाबा फोन असाच धरायचे, तापलेलं भांडं धरावं तसा. क्षणभर तिला ते बाबाच वाटले. आनंद म्हणावा असं ते वाटणं नव्हतं. खिशात शोधत असलेली किल्ली दुसऱ्या खिशात सापडावी, तसं अगदी साधं काहीतरी: अरे, हे इथे आहेत होय. मग म्हाताऱ्याने वळून पाहिलं. चेहरा भलत्याच माणसाचा होता.

"चावत नाही ना?" त्याने फोनवर हात ठेवून विचारलं.

"नाही."

"मग बसू दे. आमच्याजवळ हल्ली बसतंय कोण."

तो पुन्हा बोलायला लागला, कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलबद्दल. बोलून झाल्यावर फोन खिशात टाकून, निवट्याच्या डोक्यावर टिचकी मारल्यासारखं करून निघून गेला. निवट्या उठला नाही. मृणालीने पट्टा ओढला, बिस्किटाचा तुकडा दाखवला, चुचकारलं, एकदा रागावलीही. तो रिकाम्या बाकाकडे कान टवकारून बसून राहिला, एखाद्या सभेत शेवटचं भाषण अजून व्हायचंय असं माहीत असलेल्या माणसासारखा. शेवटी तिने त्याला उचललं. मुलुंडच्या त्या रस्त्यावरून, भाजीच्या गाड्यांमधून, साधारण लहान मुलाएवढ्या वजनाचा खेड्यातला तांबूस कुत्रा छातीशी धरून ती घरी आली, आणि लिफ्टमध्ये तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्यावर संतापलोय. एका क्षणासाठी त्याने तिला फसवलं होतं. किंवा तो स्वतः फसला होता आणि तिला बरोबर घेऊन गेला होता.

त्यानंतर रोज तेच. बागेत गेलं की तो त्या बाकाशी जाऊन बसायचा, म्हातारा असो वा नसो, आणि उचलल्याशिवाय उठायचा नाही. दुसऱ्या बाजूला न्यावं तर गेटपाशीच बसकण मारायचा. घरात तो नीट खाईना. जनावरांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की वय झालंय, पण आजार काही नाही. मोकळ्यावर चालवा, सपाट जागेवर, झेपेल तेवढं. मोकळ्यावर. मृणालीने खिडकीतून खाली पाहिलं तर दोन इमारतींच्या मध्ये मोकळी जागा म्हणावी अशी एकच होती, आणि तिथे पाण्याचे टँकर उभे राहायचे. ती शालेय पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनासाठी घरून मजकूर तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांमधून चुका वेचायची, आणि मधूनच वळून पाहायची तर निवट्या दाराकडे तोंड करून पडलेला असायचा. दुःखावरची पुस्तकं तिने पूर्वीच वाचली होती, आई गेली तेव्हा, आणि त्याआधीही, काही कारण नसताना. त्यातलं कुठलंच आता उघडावंसं वाटत नव्हतं. त्यांपैकी एकातही दिवसातून दोन वेळा खाली न्यावं लागणारं दुःख नव्हतं.

बाबा नवरात्राच्या आधी गेले होते. कासू गावातल्या घरात, दुपारी, खाटेवर, कुणाला हाक न मारता. दिवस घालून झाल्यावर शेवटच्या घरातल्या चंद्रावतीकाकी म्हणाल्या होत्या, "कुत्रा ठेव माझ्याकडं. तुला तिथं ओझं होईल गो." मृणालीने ऐकलं नाही. बाबांची गोधडी आणि निवट्या, एवढंच घेऊन ती परतली. गोधडी तिने धुतली नव्हती. पहिले काही आठवडे तिच्यात खोबरेल तेलाचा, तंबाखूचा आणि उन्हाचा वास होता, मग तो कपाटाच्या वासात मिसळत गेला. निवट्याच्या मानेत मात्र, पट्ट्याखाली, केस दाट होते तिथे, अजून काहीतरी शिल्लक होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच, एक शिकलेली, चाळिशीला आलेली बाई रात्री जेवण झाल्यावर कुत्र्याच्या मानेत नाक खुपसून बसते. त्याला परत सोडायचं म्हणजे हेही सोडायचं. तरी तिने शेवटी फोन केला. काकी म्हणाल्या, "आण. मी बोललेलीच व्हते."

जानेवारीतल्या एका शनिवारी तिने गाडी काढली. पनवेल मागे पडलं. हमरापूरच्या फाट्याला शेडमध्ये रंग न लागलेले पांढरेफटक गणपती रांगेत उभे होते, डोळे न आखलेले, त्यामुळे कुणाचीच वाट पाहत नसल्यासारखे. पेण ओलांडल्यावर निवट्या मागच्या सीटवर उठून उभा राहिला. तिने काच खाली केली. त्याच्या नाकपुड्या हलत होत्या आणि पट्ट्याची कडी बारीक किणकिणत होती. त्याचं नाव बाबांनी ठेवलेलं. खाडीच्या चिखलात सापडलं पिल्लू, नुसते डोळे तेवढे वर, चिखलातून उड्या मारत जाणाऱ्या निवट्या माशासारखं. "धुतल्यावर कळलं की कुत्रा आहे," असं ते फोनवर म्हणाले होते. फोन रोजचा. संध्याकाळी, दिवस कलताना. बाबा फिरायला जायचे आणि खाडीच्या बांधावर पोचले की तिथून फोन करायचे. तिला वाटायचं, तिथे रेंज चांगली असेल.

बाबांचे बोलण्याचे विषय थोडे होते. उभं आयुष्य त्यांनी धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्टमध्ये काढलं होतं. बोलायची सवय यंत्रांच्या आवाजात मोडून गेली असावी. पण निवृत्त झाल्यावर, आणि विशेषतः निवट्या आल्यावर, ते एक वेगळंच बोलायला लागले. आज मोहोराचा वास दाटलाय नुसता. आज कृष्णाचा पेंढा भिजलाय, आंबूस वास सुटलाय. आज कुणीतरी सुकट भाजतंय. तिला ते ऐकून हसू यायचं, थोडं बरंही वाटायचं. तिला वाटायचं की आयुष्यभर कंपनीच्या वाफा हुंगलेल्या माणसाला उतारवयात कवितेसारखं काहीतरी सापडलंय. मग ते विचारायचे, "तुझ्याकडे काय?" आणि ती म्हणायची, "इथे काय असणार, बाबा. काही नाही." मग थोडं थांबून ते म्हणायचे, "बरं. ठेवतो. निवट्या कंटाळलाय." एकदा म्हणाले होते, आज काही वास नाही. आज रस्त्याला कुणी भेटलंच नाही. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ आली होती आणि तिने ती दोन वेगळी वाक्यं म्हणून ऐकली होती.

काकींच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा उन्हं तिरकी झाली होती. काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"आलीस व्हय? वाळलीस गो. आणि हा बघ, हा पण वाळला. दोघांनी मिळून उपास धरलाय काय?"

"खात नाही तो तिकडे."

"तू काय घालतेस त्याला? पुड्यातलं?"

"डॉक्टरांनी सांगितलेलं."

"मग तो डाक्टरच खाऊ दे." काकींनी वाकून निवट्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग सरळ होऊन, काही विशेष न बोलल्यासारख्या म्हणाल्या, "जवळ्याचं कालवण ठेवलंय चुलीवर. कोकम घातलंय आताच. वास येतोय."

"हो, येतोय," मृणाली म्हणाली. "मी याला जरा उघाडीपर्यंत फिरवून आणते. शेवटचं. मग ठेवते तुमच्याकडे."

"शेवटचं कशाला बोलतेस? जा. अंधाराच्या आत ये."

वाट सोपी होती. बाबा म्हणायचे, म्हाताऱ्या माणसाची आणि कुत्र्याची वाट आहे ती, एक चढ नाही. काकींच्या घरामागून शेतात उतरायचं, भाताच्या कापलेल्या खुंटांमधून वालाचे वेल जमिनीलगत पसरलेले असायचे त्यांच्या कडेने जायचं, आंब्याखालून डावीकडे वळायचं, की समोर खाडीचा मातीचा बांध. बांधावरून चालत गेलं की उघाडी: भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जावं म्हणून बांधात बसवलेली लाकडी झडप आणि तिच्यावरचा दगडी कट्टा. लहानपणी मृणाली इथे आली होती, पण मोठेपणी कधीच नाही. घरी यायची, बाबांच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची, दुसऱ्या दिवशी जायची. निवट्या आता पुढे होता. मुलुंडला पाय ओढणारा कुत्रा इथे शेपटी आडवी धरून, न ओढता, न रेंगाळता, कामावर निघालेल्या माणसाच्या चालीने चालत होता. पट्टा नावापुरता तिच्या हातात होता. आपण याला फिरवत नाही, हे तिला शेताच्या पहिल्याच वळणावर कळून चुकलं.

आंब्याच्या अलीकडे कृष्णा आपल्या खळ्याजवळ पेंढ्याचे भारे हलवत होता. बाबांच्या वयाचाच, अंगाने किडकिडीत. निवट्या त्याच्यासमोर जाऊन थांबला. बसला नाही, नुसता थांबला. कृष्णाने हातातला भारा खाली ठेवला, मृणालीकडे पाहून मान हलवली, आणि कशी आहेस, कधी आलीस, असलं काही न विचारता म्हणाला, "खालचा पेंढा कुजलाय. बुरशीचा वास येतोय. वरचा बरा हाय." निवट्या पुढे निघाला. ती बरं म्हणाली आणि त्याच्यामागे गेली. मागे वळून पाहिलं तर कृष्णा पुन्हा भारे उचलत होता. म्हातारा झालाय, तिला वाटलं. सगळेच झालेत. बाबाही शेवटी असेच झाले होते; ती मागच्या वर्षी आली तेव्हा शेगडीवरचं दूध जळून काळं झालं होतं आणि ते बाजूलाच शांतपणे पेपर वाचत बसले होते. तिला घरात पाऊल टाकल्याबरोबर वास आला होता. "लक्ष कुठे असतं तुमचं?" असं ती म्हणाली होती, आणि ते पातेल्याकडे बघत नुसते म्हणाले होते, "खरंच की."

बांधावर चढल्यावर वारा लागला. खाली खाजणातून, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतून, एक बाई डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन वर येत होती. नदीकाठच्या वाडीवरची मंगळी, बाबांच्या कार्याला आलेली, कोपऱ्यात बसून न बोलता जेवून गेलेली. निवट्या थांबला. मंगळीनेही थांबून भारा उतरवला.

"भामरूडाचा पाला हाय," ती म्हणाली. "गावात पोपटी लावनार हायत पोरं. मडक्यात वालाच्या शेंगा, नि वरून ह्यो पाला. उग्र हाय आज, लय. ओवा चोळल्यागत." तिने एक डहाळी मोडून मृणालीच्या नाकापाशी धरली आणि वाट पाहत उभी राहिली.

"आला वास," मृणाली म्हणाली. मग तिला राहवेना. "मंगळी, तू मला हे का सांगतेस? तो कृष्णाही मघाशी पेंढ्याचा वास सांगत होता."

मंगळी हसली. "तुला कुठं सांगते मी. दाजींचा, तुझ्या बापाचा कुत्रा हुबा राहिला का सांगायचं. सवय पडली ना."

"म्हणजे?"

"त्यांना कुठं येत व्हता वास." मंगळीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं. "तुला नाय ठावं? चंद्रावतीचा भात करपला व्हता चुलीवर, ती मागं वाड्यात. नि दाजी पुढं ओट्यावर बसलेले, कुत्र्याशी बोलत. घरभर धूर. ती धावत आली नि बोलली, दाजी, नाक हाय का इकलं? तर ते बोलले, कंपनीतच राहिलं." मंगळीने डहाळी भाऱ्यात खोचली. "तवापासून ते बोलायचे, जाता-येता तेवढं सांगत जा गो. काय वास हाय तेवढं सांगा. मग आम्ही सांगायचो. तुला बोलू नका म्हनले. पोरगी डाक्टरकडं वढत नेईल."

भारा डोक्यावर चढवायला मृणालीने हात लावला. मंगळी गेली. बांधाच्या एका बाजूला खाडीचं पाणी ओसरत होतं, चिखल उघडा पडत होता, आणि दुसऱ्या बाजूला वालाची शेतं होती. तिला न्हाणी आठवली. ती शाळेत असताना बाबा शिफ्टवरून आले की आई त्यांना घरात घ्यायची नाही. मागच्या न्हाणीत गरम पाणी काढून ठेवायची, कपडे काठीने उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. काय घाण वास येतोय तुम्हाला, असं नाक मुरडून म्हणायची. आणि आतून, पाण्याच्या आवाजातून, बाबा म्हणायचे, "मला तर काही येत नाही बुवा." त्यावर आई आणि ती दोघी हसायच्या. तो विनोद होता. वर्षानुवर्षं रोज केलेला तोच विनोद. त्यांनी सांगितलं नव्हतं असं कसं म्हणायचं? ते सांगत होते. मोहोर दाटलाय हे मंगळीचं वाक्य असेल, आंबूस पेंढा कृष्णाचा, सुकट काकींची. सगळ्यांची वाक्यं वेचत, तोंडात घोळवत ते इथपर्यंत चालत यायचे, आणि विसरायच्या आत तिला फोन करायचे. ज्या दिवशी कुणी भेटलं नाही त्या दिवशी वास नव्हता. आणि रोज, सगळं सांगून झालं की ते तिला विचारायचे, तुझ्याकडे काय. त्यांना काहीतरी हवं होतं. एक वास. शहरातला, कसलाही, डांबराचा चालला असता.

उघाडीच्या कट्ट्यावर दगड एका जागी गुळगुळीत झाला होता. निवट्या त्याच्या खाली, डाव्या अंगाला जाऊन बसला. पाय पोटाखाली घेतले, कान टवकारले. मुलुंडच्या बाकाशी बसायचा तसाच. मृणाली कट्ट्यावर टेकली. उन्हं गेली. खाडीपलीकडून गाडीची शिटी आली, रोह्याकडे जाणारी. "चल," ती म्हणाली. तो हलला नाही. तिने पट्टा ओढला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, त्या टवकारलेल्या कानांकडे, आणि एकेक करून गोष्टी जागेवर बसू लागल्या: लग्नाच्या हॉलबद्दल बोलणारा म्हातारा, कानापासून लांब धरलेला फोन, आणि बोलणं संपल्यावरही न संपलेलं काहीतरी. त्या म्हाताऱ्याने फोन खिशात टाकला होता. शेवटचं वाक्य म्हटलं नव्हतं. ते त्याला कुठून माहीत असणार.

तिने पर्समधून फोन काढला. कुणाला लावायचा? बाबांचा फोन तिच्याच घरी, टेबलाच्या खणात बंद पडलेला होता. तिने न लावताच तो कानाशी नेला, बोटभर लांब. खुळ्यासारखं वाटत होतं, आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. "हां, मृणाली," ती म्हणाली, आणि स्वतःचंच नाव तिला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. "उघाडीवर आहे. आज जवळ्याचं कालवण आहे चंद्रावतीकडे. कोकम घातलंय. कृष्णाचा पेंढा कुजलाय खालून. भामरूड उग्र आहे, ओवा चोळल्यागत." निवट्याचा एक कान तिच्याकडे वळला. तिने श्वास घेतला, आणि पहिल्यांदाच तिला इथला वास आला, चिखलाचा, खारट आणि थोडा कुजका, शेवाळाचा, खाली भिजलेल्या लाकडाचा. तो तिला कुणी सांगितला नव्हता. "चिखलाचा येतोय," ती म्हणाली. "तुझ्याकडे काय?"

इथे ती थांबली. तिने आयुष्यभर दिलेलं उत्तर तिला तोंडपाठ होतं. पाणी झडपेतून झिरपत होतं त्याचा आवाज येत राहिला. जेवढा वेळ ते थांबायचे तेवढाच वेळ ती थांबली, मग म्हणाली, "बरं. ठेवते. निवट्या कंटाळलाय."

निवट्या उठला. अंग झाडलं, पट्ट्याची कडी किणकिणली, आणि घराच्या दिशेने चालू लागला.

परत येईपर्यंत काकींनी दारात दिवा लावला होता. निवट्या सरळ आत गेला आणि चुलीपासून जरा लांब, एका जागी जाऊन बसला. ती जागा त्याची असावी. काकींनी ताटलीत भाकरी कुस्करून त्यावर कालवणाचं पाणी घातलं. तो खायला लागला. दोघी बघत उभ्या राहिल्या.

"खातोय की," काकी म्हणाल्या. "तुला न्यायचा असंल तर ने गो. मी काय आग्रह नाय करत."

मृणालीला न्यायचं होतं. तिला आता तो उठायचा कसा हे कळलं होतं. रोज बाकाशी बसून ते वाक्य म्हणता आलं असतं. ती वाकली, त्याच्या मानेत, पट्ट्याखाली नाक नेलं, एकदाच. जवळा, धूर, चिखल. एवढ्यातच त्याला इथला वास लागला होता.

"नाही," ती म्हणाली. "इथेच राहू दे. पण काकी, रोज त्याला उघाडीपर्यंत न्यावं लागेल. आणि तिथे बसला की उठणार नाही. तिथून मला फोन करायचा."

"आणि काय बोलू?"

मृणालीने सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं, शाळेतल्या मुलीसारखी एकदा मनात उजळणी केली, आणि शेवटच्या वाक्याला पदर तोंडाशी नेला.

"हे बोलायचे व्हय रोज," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तिकडं बसून बिडी वढतात."

सोमवारी दिवस कलताना फोन वाजला. मृणाली कुणाचा तरी धडा तपासत होती. तिने धडा तसाच ठेवून फोन घेतला.

"मृणाली? उघाडीवर हाय मी. हा बसलाय." काकी ओरडून बोलत होत्या, खाडी ओलांडून आवाज पोचवायचा असल्यासारख्या. "काय सांगू? मला नाय जमत तुझ्या बापासारखं."

"जो येतोय तो सांगा."

फोनमधून हुंगल्याचा आवाज आला. "चिखल. रोजचाच. कृष्णानं पाला पेटवलाय तिकडं, त्याचा धूर. नि माझ्या हाताला लसूण." मग थोडा वेळ गेला. पुढचं आठवत असाव्यात. "हां. तुझ्याकडं काय?"

मृणाली उठली. खिडकी उघडली. खाली टँकर उभा होता, त्याच्या नळीतून पाणी गळत होतं.

"खालच्या मजल्यावर हिंगाची फोडणी दिलीय," ती म्हणाली. "टँकरपाशी ओल्या सिमेंटचा येतोय. आणि..." तिने मागे वळून दाराकडे पाहिलं, निवट्या पडायचा तिथे. तिथे आता कपडे वाळत घालायचा घोडा होता. "बाबांची गोधडी धुतली आज. ओली आहे अजून. साबणाचा वास येतोय."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता.

"बरं केलंस," मग काकी म्हणाल्या, हळू. आणि नंतर धडा म्हणावा तसं, एकेक शब्द सुटा करून, "बरं. ठेवते गो. निवट्या कंटाळलाय."

फोन बंद व्हायच्या आत तिला पट्ट्याची कडी ऐकू आली.